बुरडाचा बिनफटीचा कूड

कुठल्याशा एका गावात, ओढ्याकाठी बांबूची बेटं होती त्या अंगाला, एक बुरूड आणि त्याची बायको राहत होती. बुरूड हाताचा मोठा कसबी. त्याच्या टोपलीतून पीठ गळत नसे आणि सुपातून मोहरीचा दाणा निसटत नसे. हे गाव सांगायचंच, आणि गाव विसरलं तर बुरूड स्वतः सांगायचा.

त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात एक मांजरी होती. पांढरी, अंगावर काळे-पिवळे ठिपके, म्हणून तिचं नाव ठिपकी. नऊ वर्षांपूर्वी बांबूच्या मोळीत ती सापडली तेव्हा तिचे डोळेही उघडले नव्हते. बुरडाने कापसाच्या बोळ्याने दूध पाजून तिला जगवलं होतं. तेव्हापासून ती त्याचीच. सकाळी तो ओसरीवर बांबू फाडायला बसला, टर्रर्र असा पहिला आवाज झाला, की ठिपकी असेल तिथून येऊन सालपटांच्या ढिगात बसायची. तो काम करायचा, ती बघायची. दोघं दिवसभरात एकमेकांशी फारसं बोलत नसत, आणि दोघांना त्याची गरजही वाटत नसे.

एकदा आठवडी बाजारात एका वाण्याने बुरडाला हाक मारली. दुकानात एक भुरा बोका होता, जेमतेम पाच महिन्यांचा. त्याने गुळाच्या ढेपेवर झोप काढली होती आणि शेंगदाण्याचं पोतं फाडलं होतं. वाणी हात जोडून म्हणाला, "याला घेऊन जा बाबा. तुझ्याकडे फाडायला बांबू आहेत. माझ्याकडे आता काही उरलं नाही."

बुरूड मनाचा मऊ. त्याने बोक्याला नव्या पेटाऱ्यात घातलं, घरी आणलं आणि घराच्या मधोमध पेटाऱ्याचं झाकण उघडलं. ठिपकीला कुणी विचारलं नव्हतं.

पुढे जे झालं ते पाहायला शेजारी जमले. ठिपकीच्या अंगावरचे केस उभे राहिले, ती फिस्कारली, बोका उलटून अंगावर गेला, आणि दोघांचं मिळून एकच गाठोडं घरभर गडगडत फिरलं. ताकाचं मडकं लवंडलं. शेवटी ठिपकीचा कान फाटला आणि बोक्याच्या नाकातून रक्त आलं. बायकोने बोक्याचं नाव भुऱ्या ठेवलं आणि ठिपकीच्या कानाला हळद लावली.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. घर नावाला दोन खोल्यांचं, मध्ये भिंत नाही. मग बुरूड आडोसे शोधत सुटला. त्याने खाट आडवी उभी करून ठेवली, तर भुऱ्या तिच्या दोऱ्यांमधून आरामात पलीकडे गेला. भुऱ्यावर हारा, म्हणजे ओझ्याची थोरली टोपली, पालथा घातला, तर थोड्या वेळाने हाराच घरभर चालू लागला. बायकोचं लुगडं पडद्यासारखं टांगलं, तर ठिपकी त्यावर चढली आणि लुगड्यासकट खाली आली. ते लुगडं बायकोच्या माहेरचं होतं, त्यामुळे त्या दिवशी बुरूड उपाशी राहता राहता वाचला.

गावात एक म्हातारी गवळण होती. सगळे तिला गवळणआजी म्हणत. तिच्या गोठ्यात सात मांजरं होती. ती दूध घालायला आली तेव्हा बुरडाने तिला विचारलं, "आजी, तुमची मांजरं भांडत नाहीत?"

"भांडतात की! नवं आलं की पहिले काही दिवस रणच माजतं. मग वास ओळखीचा झाला की गप पडतात." आजीने ठिपकीचा कान पाहिला. "अरे, तू बुरूड ना? मग घाल की मध्ये कामट्यांचा कूड, भिंतीसारखा. पण दोन-दोन बोटांच्या फटी ठेव त्याला. एकमेकांचा वास घेऊ दे, तोंड बघू दे. हिच्या निजण्याचं पोतं त्याला टाक, त्याचं हिला टाक. दूध दोघांना एकाच वेळी दे, कुडाला लागून, एक अलीकडे, एक पलीकडे. असे आठ-दहा दिवस जाऊ देत. मग काढून टाक कूड."

"काढायचाच, तर घालायचा कशाला एवढा खटाटोप करून?"

"मग लग्नात अंतरपाट कशाला धरतात रे?" आजी म्हणाली. "मंगलाष्टकं झाली की दूर करतात ना? तसाच धरून उभे राहिले तर लग्न लागेल का?"

बुरडाची बायको हसली. बुरूडही हसला आणि कामाला लागला.

आता खरी गंमत इथे झाली. गंमत कसली, सगळं वाटोळं इथेच झालं. बुरूड कामट्या काढून विणायला बसला खरा, पण त्याच्या हाताला फट ठेवता येईना. लहानपणी त्याच्या बापाने एका फटीपायी त्याला अख्खी टोपली उसवायला लावली होती. फट म्हणजे चूक, हे त्याच्या बोटांत मुरलेलं. दोन बोटांची जागा सोडून तो पुढे जायचा, पुन्हा मागे वळायचा आणि तिथे आणखी एक कामटी सरकवायचा.

बायको म्हणाली, "अहो, आजींनी फटी ठेवायला सांगितल्यात."

"आजींचं काम दुधाचं. बुरडाच्या घरातला कूड असा फटींचा असला, तर लोक काय म्हणतील?"

चार दिवसांत कूड उभा राहिला. जमिनीपासून आढ्यापर्यंत, घट्ट, हिरव्या आणि पिवळ्या कामट्यांची नक्षी घालून विणलेला. मुंगीने आत जायचं म्हटलं तर तिलाही वळसा घ्यावा लागला असता. एका कडेला माणसाला जाण्यापुरतं अरुंद दार होतं, दोरीचा फास अडकवून बंद करायचं.

मग प्रश्न आला की मागच्या खोलीत कुणाला ठेवायचं. मागची खोली साठवणीच्या धान्याची, वर एक झरोका, बाकी अंधार.

बुरूड म्हणाला, "भुऱ्या लहान आहे. त्याला मागे कोंडलं तर ओरडून घर डोक्यावर घेईल. ठिपकी समजूतदार आहे. तिला राहू दे मागे. आठ दिवसांचा तर प्रश्न."

ठिपकी समजूतदार होती हे खरं. म्हणूनच ती मागे गेली. सकाळी बांबू फाडण्याचा आवाज झाला की ती कुडाच्या दाराशी येऊन बसायची आणि एकदाच, हळू, म्याव करायची. बुरूड हातातलं काम ठेवून उठायचा, दोरीचा फास काढायचा, दार ढकलायचा आणि तिला थोडा वेळ मांडीवर घेऊन बसायचा. पहिले पाच-सहा दिवस त्याने हे न चुकता केलं. सातव्या दिवशी पाहुणे आले.

पाहुणे कूड बघायला आले होते. कारण कुडाची बातमी पसरली होती. आधी पाटील आले, त्यांनी कुडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "वा! असा कूड आम्हाला पाहिजे, माजघरात." मग मठातले बुवा आले. मग पलीकडच्या गावचे लोक आले. बुरूड प्रत्येकाला दिव्याची ज्योत कुडाजवळ धरून दाखवायचा. पलीकडून वाऱ्याची झुळूकही येत नसे. लोक माना डोलवायचे.

आठ दिवस झाले तेव्हा बायको म्हणाली, "अहो, काढायचा ना कूड?"

"सोमवारी वरच्या वाडीचे लोक येणार आहेत बघायला. ते गेले की काढू."

सोमवार गेला. मग पोळा आला, पोळ्याला आणखी माणसं येणार होती. मग नवरात्र. मग असं झालं की बायकोलाच कुडाची सवय लागली. तिने त्यावर चाळण टांगली, तांदूळ धुवायची रवळी टांगली, दोन ओल्या साड्या वाळत घातल्या. बुरडाने कोयता आणि सुतळीची गुंडी त्याला अडकवली. घरात कधी नव्हे ती टापटीप आली. भांडण नाही, फिस्कारणं नाही, ताक सांडणं नाही. भुऱ्या आता सालपटांच्या ढिगात झोपायला शिकला होता. तो लबाड होता, गमती करायचा, आणि बुरूड त्याच्याकडे बघून हसायचा. यात भुऱ्याचा काही दोष नव्हता. बुरूड हसला यातही दोष नव्हता. पण हसताना त्याचं लक्ष दुसरीकडे जायचं नाही, एवढं मात्र झालं.

मागच्या खोलीत दूध मात्र वेळच्या वेळी जायचं. आधी बुरूड आत जाऊन बसायचा. मग नुसता आत जाऊन यायचा. मग बायको जाऊ लागली. आणि मग भुऱ्या आत घुसेल या धास्तीने दार वीतभर उघडायचं, वाटी सरकवायची आणि फास लावून टाकायचा, असं सुरू झालं. वीतभर उघडलेल्या दारातून आत बसलेली मांजरी दिसत नाही.

नवरात्र संपता संपता एका सकाळी बायकोने एक गोष्ट पाहिली. कुडाच्या खालच्या कोपऱ्यात एके जागी कामट्या कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. ठिपकीने पलीकडून नखांनी ओरबाडून ओरबाडून तिथे फट पाडली होती. सुपारी जाईल एवढी. आणि त्या फटीशी अलीकडून भुऱ्या पोटावर पडून होता, नाक लावून. पलीकडे ठिपकीचं नाक होतं. दोघंही चूप. शेपट्या फुललेल्या नव्हत्या, गुरगुर नव्हती. भुऱ्याने एकदा हळूच पंजा आत घातला, आणि पलीकडून ठिपकीने तो चाटला.

बायको तशीच धावत ओसरीवर गेली. "अहो, लवकर या! बघा तरी, दोघं नाकाला नाक लावून बसलीत!"

बुरूड आला. खाली वाकला. त्याला दोन नाकं दिसली असणार, समोरच तर होती. पण त्याच्या तोंडून आलं ते हे: "अरे रामा! कुडाची काय दशा केली हिने!"

"अहो, कूड राहू द्या. ती भांडत नाहीयेत. आज काढून टाकूया."

"आज भांडत नाहीयेत. उद्या भांडली तर? आणि परवा पाटलांचे व्याही येणार आहेत कूड बघायला. त्यांना काय ही भगदाडं दाखवू?"

"परवा दाखवा हवं तर. पण ही एवढी फट तरी राहू द्या."

बुरूड क्षणभर थांबला. तो थांबला होता, हे बायकोने पुढे कितीतरी वेळा आठवलं. मग त्याने भुऱ्याला उचलून बाजूला ठेवलं, चार जाड कामट्या आणल्या आणि ती फट दुहेरी विणून बंद केली. इतकी बेमालूम, की पुढे पाटलांच्या व्याह्यांना तिथे काही झालं होतं याचा पत्ताही लागला नाही.

मी ही गोष्ट आजवर पुष्कळदा सांगितली आहे, आणि दर वेळी या जागी आलो की त्या बुरडाचा कान धरावासा वाटतो. पण गोष्टीतल्या माणसाचा कान कुठून धरणार? आणि धरायला जावं तर आपलाच हाती लागायचा.

फट बुजवल्यावर दोन दिवस कुडाच्या त्या कोपऱ्यातून खरखर ऐकू आली. तिसऱ्या दिवशी थांबली. सकाळी दाराशी येणारी ती एक म्यावही थांबली. बुरूड खूश होऊन बायकोला म्हणाला, "बघ, शहाणी झाली. रुळली आता मागे." भुऱ्या पुढे काही दिवस त्या कोपऱ्याशी जाऊन झोपायचा, मग त्यानेही सोडलं.

दिवाळी झाली. थंडी पडली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी बायको तीळ काढायला मागच्या खोलीत गेली, आणि दाराशी तिला दुधाच्या दोन वाट्या तशाच दिसल्या. एक कालची, एक आजची. धान्याच्या कणगीमागे ठिपकी पडली होती. तिची हाडं हाताला लागत होती आणि अंगावरचे ठिपके मळून एकसारखे झाले होते. मांजर स्वतःला चाटायचं सोडतं तेव्हा ते काय सांगत असतं, ते गवळणआजीला विचारावं.

बायकोने बुरडाला हाक मारली नाही. ती ठिपकीला उचलून ओसरीवर गेली आणि तिने तिला त्याच्यासमोर ठेवलं.

बुरडाने पाहिलं. मग तो उठला, त्याने कुडावरची चाळण, रवळी, साड्या सगळं ओढून खाली टाकलं आणि कोयत्याने कूड तोडायला लागला. चार दिवस विणलेला कूड घटकाभरात खाली आला. दारासकट, चौकटीसकट. दुपारच्या आत घर पुन्हा पहिल्यासारखं एकसलग झालं. त्याने जमीन झाडली, बायकोने ती सारवली.

भुऱ्या सारवलेल्या जमिनीवरून पावलं उमटवत थेट मागे गेला. ठिपकी तोवर उठून पुन्हा कणगीमागे जाऊन पडली होती. तो तिच्याजवळ गेला, त्याने तिला हुंगलं आणि तिला लागून बसला. ठिपकीने डोळे उघडले, मिटले. ती फिस्कारली नाही. म्हणजे ही दोघं केव्हाचीच एकत्र राहिली असती.

गवळणआजीने औषध म्हणून काढा दिला, बुरडाने स्वतःच्या बोटाने तो तिला चाटवला. चार-सहा दिवसांनी ठिपकी थोडं दूध पिऊ लागली, चालू लागली. बुरडाला वाटलं, निभावलं. सकाळी तो मुद्दाम ओसरीवर बांबू घेऊन बसला आणि त्याने टर्रर्र करून पहिली कामटी फाडली. मागच्या खोलीत ठिपकीने कान टवकारले. ती उठली, हळूहळू पुढे आली, आणि जिथे कूड होता तिथे येऊन थांबली.

तिथे आता काहीच नव्हतं. सपाट जमीन. भुऱ्या दिवसातून पन्नासदा तिथून ये-जा करायचा. ठिपकी त्या नसलेल्या कुडाच्या कडेकडेने चालत गेली, भिंतीपर्यंत, जिथे ते अरुंद दार होतं. तिथे ती खाली बसली. आणि खूप महिन्यांनी, हळू, एकदाच, म्याव म्हणाली.

बुरूड म्हणाला, "ये गं. ये, ठिपके. उघडंच आहे सगळं."

ती बसून राहिली. त्याने दुधाची वाटी दाखवली. ती बसूनच राहिली. त्याने तिला उचलून ओसरीवर आणलं, तर ती अंग चोरून पळाली, पुन्हा त्याच जागेवरून आत गेली आणि तोंड वळवून दाराशी बसली. वाट बघत.

मग बुरूड उठला. तो तिथे गेला, वाकला. जिथे दोरीचा फास असायचा तिथे त्याने हात नेला, नसलेला फास काढला आणि नसलेलं दार ढकललं. ठिपकी उठली, शेपटी वर केली आणि बाहेर आली. सालपटांच्या ढिगात जाऊन बसली. बुरूड दाराशी तसाच उभा राहिला आणि हमसून हमसून रडला.

त्या दिवसापासून रोज सकाळी हेच. ठिपकी त्या जागी येऊन बसायची, बुरूड हातातलं काम टाकून जायचा आणि दार उघडायचा. परत जातानाही तसंच. एकदा पाटील आले होते, ते हसून म्हणाले, "अरे, हवेत काय चाचपडतोस?"

"दार उघडतोय," बुरूड म्हणाला.

"कुठंय दार?"

"मी केलेलं आहे, पाटील. तुम्हाला नाही दिसायचं."

पाटलांनी मग कुडाचा विषय काढला, त्यांना सुनांच्या खोल्यांमध्ये तसाच एक घालून हवा होता. बुरडाने कधी नव्हे ते त्यांच्या कामाला नाही म्हटलं.

ठिपकी थकली होती. काढ्याने दोन महिने दिले, त्याहून जास्त देणं काढ्याच्याही हातात नव्हतं. ती दिवसेंदिवस उशिरा यायची आणि थोडंच बसायची. ओसरीवर ऊन यायच्या आत परत दाराशी जायची. बुरूड एकदा गवळणआजीला म्हणाला, "आजी, मी तिला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. मी तिला फक्त उद्यावर टाकलं."

आजीला त्याची समजूत घालता आली असती. पण ती खोटं बोलणारी बाई नव्हती. ती त्याच्याजवळ नुसती बसून राहिली.

होळीच्या थोडं आधी, एका सकाळी बुरडाने कामटी फाडली आणि वाट पाहिली. मग आणखी एक फाडली. मग तो उठून त्या जागी गेला. आत कणगीपाशी ठिपकी पोत्यावर पडलेली दिसत होती आणि भुऱ्या तिच्या डोक्याशी बसला होता. बुरडाने वाकून फास काढला, दार ढकललं आणि ते हाताने तसंच उघडं धरून उभा राहिला.

"ये गं," तो म्हणाला. "धरलंय मी."

तो खूप वेळ धरून उभा होता. भुऱ्या उठून त्याच्याकडे आला आणि त्याच्या पायांना अंग घासून पुन्हा आत गेला. शेवटी बायको चुलीपुढून उठली, त्याच्याजवळ आली आणि तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"अहो," ती म्हणाली, "ठेवा आता हात खाली."

तात्पर्य, ज्याला घ्यावंसं वाटेल त्याच्यासाठी: भांडणाऱ्या दोघांमध्ये आडोसा जरूर घालावा, पण तो काढायचा दिवस घालतानाच ठरवावा आणि तोवर एक फट राहू द्यावी. समजूतदार म्हणून ज्याला पलीकडे ठेवलं, त्याने आशा सोडल्यावर आडोसा काढला तरी तो अलीकडे येत नाही.